दारावरचं पितळ

जुन्या बसस्टँडवर लोखंडी खुर्च्यांची एक रांग होती. खुर्च्या गेल्या, बोल्ट राहिले. लोक अजून त्या बोल्टांच्या मागे उभे राहतात, पुढे कुणीतरी बसलंय अशी जागा सोडून.

भिजलेल्या चिंचेला एक वास येतो. शुक्रवारचा.

एका गावाच्या नावाची पत्र्याची पाटी कुणी काढून नेली. दोन खांब उरले. कंडक्टर आता गावाचं नाव घेत नाही. "रिकामे खांब, उतरा!" असं ओरडतो, आणि माणसं उतरतात.

गुडघ्यात पाणी झालंय, डॉक्टर म्हणाला.

गटारावरचं झाकण गेलं तिथं कुणी शेवग्याची फांदी खोचली, येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून. फांदीला पालवी फुटली. आता बायका पाल्यासाठी त्या भोकावर वाकतात.

"सार, पाणी निघालं."

हे शेवटचं वाक्य फोनमधलं. बोलणारा सुब्रमण्यम, कालव्याच्या दारांचा लस्कर, म्हणजे दारं उचलणारा आणि मिटणारा खात्याचा माणूस. ऐकणारा सूर्यनारायण राव, त्याच कालव्याचा इंजिनिअर, पुढच्या पोंगलच्या आत निवृत्त होणारा, हातात सकाळच्या कॉफीचा टंबलर घेऊन पलंगाच्या कडेला बसलेला. "येतो," तो म्हणाला, "नट घेऊन येतो." मग टंबलर खाली ठेवला, गुडघा सांभाळत वाकला आणि पलंगाखाली हात घातला. हाताला गोणपाट लागायला हवं होतं. सिमेंट लागलं. थंड, गुळगुळीत, झाडून काढलेलं सिमेंट. त्यानं हात डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला. तिथं एक जुनी चप्पल होती आणि पलंगाचा चौथा पाय होता. हात काढून घ्यावा असं त्याला वाटेना. हात बाहेर आला की काहीतरी सुरू होणार. जोवर तो त्या अंधारात सिमेंटवर पडून आहे तोवर फक्त सकाळ आहे, कॉफी आहे, गल्लीत कुणीतरी अंगणात पाणी मारतंय, एवढंच आहे.

दाराच्या डोक्यावर लोखंडी चौकट असते. चौकटीतून आटे पाडलेला उभा दांडा खाली जातो, दांड्याला दार टांगलेलं. दांड्यावर गनमेटलचा एक नट बसतो, सोललेल्या नारळाएवढा, पितळेसारखाच पिवळा. नट फिरवला की दांडा वर, दार वर, दाराखालून पाणी. नट नसला तर दांडा म्हणजे नुसता खांब, आणि दार म्हणजे भिंत. नोकरीला लागला तेव्हा पहिल्या साहेबानं हे त्याला कागदावर काढून दाखवलं होतं आणि तो मनात हसला होता, कारण हे कुणालाही समजेल. आता इतक्या वर्षांनी त्याला वाटायचं की खात्यात समजण्यासारखं तेवढंच होतं. बाकी सगळं पत्रव्यवहार. वरच्या अंगाच्या दारांचे नट गेले तेव्हा पत्रं गेली. एका दाराचा दांडाच करवतीनं कापला तेव्हा पत्रं गेली. पुलाच्या कठड्याचे पाइप गेले, पाण्याची उंची दाखवणारी आकड्यांची पट्टी गेली; उन्हाळ्यात पट्टी होती आणि पाणी नव्हतं, मग पाणी आलं आणि पट्टी नव्हती. कुणीतरी हळूहळू सगळा प्रदेश उसवत होतं, शिवण न फाडता, एकेक बटण काढून. आणि तो रोज स्कूटरवरून त्या उसवलेल्यावरून जात होता, घरी येत होता, हात धूत होता.

माघात कालवा बंद झाला, दारं खाली बसली, तेव्हा सुब्रमण्यमच म्हणाला होता, "सार, या दोन दारांचे नट तरी काढून ठेवू. उन्हाळाभर इथं कुत्रं फिरकत नाही." खात्याच्या गोदामात ठेवायचे, तर गोदामाच्या दाराची कडीच गेलेली. सुब्रमण्यमच्या घरी ठेवायचे, तर वर्षापूर्वी दुसऱ्या एका कालव्यावरच्या लस्कराच्या घरी असेच खात्याचे तुकडे सापडले होते, आणि त्याला ठाण्यात बसवून ठेवलं होतं ते त्याचं बोलणंच गेलं. "माझ्याकडे दे," सूर्यनारायण म्हणाला. इंजिनिअरच्या घरी कोण बघायला येतंय. स्कूटरवर पायांमधल्या जागेत गोणी ठेवून तो गावात आला होता. मराठी राजांच्या जुन्या राजवाड्यामागच्या गल्लीत शिरताना त्याला उगाच वाटलं होतं की आपण काहीतरी पळवून आणतोय. मजा वाटली होती. खूप दिवसांनी काहीतरी वाटलं होतं.

"कृष्णवेणी, पलंगाखालची गोणी कोठें?"

"फाटलीती. टाकिली." बायकोचा आवाज स्वयंपाकघरातून, डोसा उलटताना.

"आंत होतें तें?"

"तें देवाला दिलें की."

त्यानं हात बाहेर काढला.

"कुठल्या देवाला?"

"अपल्या गल्लींतल्या मारुतीला. घंटेला. जुनी घंटा चोरून नेली मनून नवी ओतली नाहीं का? घराघरांतून पितळ द्याचें, पूजेचें पितळ द्याचें, मनून त्यागराज येऊन सांगितला. आईच्या नांवाचा कुडम देववेना मला." ती दारात आली, उलथणं हातात. कुडम म्हणजे तिच्या लग्नातला पितळी घडा, काठावर तिच्या आईचं नाव कोरलेला. "मनून तें दोन दिलें. कां, काय झालें? असे कां बसलांत? पाय धरला का?"

"तें सरकारचें होतें."

"सरकारचें?"

"कालव्याच्या दाराचें. तें नसलें तर दार उघडत नाहीं. आज पाणी आलें."

आत डोसा करपायला लागला, दोघांनाही वास आला, कुणी हललं नाही. "सरकारचें तर मग पलंगाखालीं कां ठेविलेंत?"

"चोरांच्या भयानें."

"मग मला सांगाचें की! म्यां चोर का?" मग आवाज खाली आला, आणि तोच त्याला जास्त लागला. "उन्हाळाभर शुक्रवारीं शुक्रवारीं चिंच लावून घांसिलें. कुंकुम लाविलें. समईच्या बाजूला ठेविलें. तुम्ही रोज तेथेंच उभे राहून नमस्कार करत होतांत. एक दिवस तरी हें काय मनून विचारिलेंत का?"

ते खरं होतं. तो आठवू लागला आणि ते दिसू लागलं, म्हणजे तो रोज ते बघत होता. समईच्या डाव्या अंगाला दोन पिवळे गोळे, मधोमध भोक, भोकाभोवती कुंकवाचं कडं, एखाद्या दिवशी भोकात खोचलेलं जास्वंद. खात्याचं ग्रीस गेलेलं, आतल्या आट्यांत चिंचेचे धागे. बघताना काही झालं नव्हतं. डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरवरून जातात तसे गेले होते. गोणीतून ते वर कधी आले, कुंकू कधी लागलं, समईशेजारची जागा पुन्हा कधी मोकळी झाली, काहीच त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. कृष्णवेणीला घरात आणलेली जड, गोल, पिवळी वस्तू घासायची असते एवढं ठाऊक होतं. घासलेल्या वस्तूला कुंकू लावायचं, कुंकू लावलेली वस्तू देवाची. यात चुकलं कुठं? तो कालव्याचं घरी कधी बोलत नसे. सुरुवातीला कंटाळा म्हणून, मग सवय म्हणून, मग बोलण्यासारखं उरलंच नाही म्हणून. त्या न बोलण्यातून ते दोन नट गोणीतून देवघरात आणि देवघरातून मुशीत गेले होते, एकाही माणसानं खोटं न बोलता.

देऊळ गल्लीच्या तोंडाशी. स्कूटर त्यानं थांबवली नाही, तीच थांबली असं त्याला वाटलं. घंटा नव्या दोरावर टांगलेली, अजून कुणाच्या हातांनी काळी न झालेली. कडेनं तमिळमध्ये नावं कोरलेली, देणाऱ्यांची. त्याला देवनागरी नीट वाचता येत नाही, गल्लीतल्या मराठी घरांत फार थोड्यांना येते. पण तमिळमधलं स्वतःचं नाव वाचायला थांबावं लागत नाही. सूर्यनारायण राव, कुटुंबासह. सरकारी मालमत्ता घरी नेऊन वितळवली, याचा इतका स्वच्छ पुरावा आणि तो देवळात टांगलेला. त्याला हसू येईल असं वाटलं. आलं नाही.

"या, या राव!" त्यागराज ओट्यावर पेपर वाचत होता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून देवळाचा कारभार तोच बघायचा. "वाजवून पाहा की. तुमच्या पितळामुळें आवाज आला हो. बाकीचे सगळे फुटके तांबे दिले, गळके लोटे दिले. तुमचें कसलें जड! कुठलें तें?"

"कावेरीचें."

"मग काय, तीर्थच मना!" त्यागराज हसला आणि स्वतःच उठून टोल दिला. आवाज चांगला होता. तो छातीत शिरला आणि बराच वेळ तिथंच राहिला, स्कूटर सुरू झाल्यावरही, पुलावरून जातानाही.

रस्ता कालव्याच्या कडेनं जातो. नारळ, मग भात, मग नारळ. त्याला थकवा आला होता. आजचा नव्हे, कुठून सुरू झाला ते सांगता येणार नाही असा, अंगावरच्या कातडीसारखा. विचारही त्यातूनच येत होते, हळू, ओले. चोरीची तक्रार दिली की झालं. नट चोरीला जातात हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. तक्रारीवर नवे नट मंजूर होतात, कधीतरी येतात. कुणी विचारणार नाही. विचारतील ते एकालाच. कागदोपत्री दारं लस्कराच्या ताब्यात असतात. सुब्रमण्यमला नेतील, ठाण्यात बाकावर बसवतील, त्याला विचारतील नट कुठं आहेत, आणि सुब्रमण्यमला ठाऊक आहे ते कुणाकडे दिले. तो सांगेल का? सूर्यनारायणला खात्रीनं वाटत होतं की तो सांगणार नाही, आणि ही खात्रीच तोंडात कडू लागत होती. दुसरी वाट म्हणजे खरं लिहून द्यायचं. मग चौकशी, निवृत्तीच्या दारात निलंबन, पेन्शन अडकलेली, कृष्णवेणी वकिलाच्या बाकावर उलथण्यासारखी ताठ बसलेली. तो दोन्ही चित्रं आलटून पालटून बघत राहिला. कुठल्याही चित्रात त्याला स्वतःचा चेहरा दिसेना. एका वळणावर म्हैस आडवी आली आणि तो तिला वाट देऊन उगाच थांबून राहिला, म्हैस गेल्यावरही.

दारापाशी माणसं जमली होती. पाणी वरच्या अंगाला दाराला टेकून चढलं होतं, तपकिरी, फेस आणि काटक्या आणि थर्माकोलची ताटं घेऊन. खालच्या अंगाला कालव्याचा तळ कोरडा, भेगाळलेला, त्यात कुणाची तरी पायवाट. पाळीचं पाणी होतं. या शाखेची पाळी संपली की वरचे लोक ते दुसरीकडे वळवणार, आणि खालच्या गावांतली भाताची रोपं, जी लावणीला आली आहेत आणि टोकांनी पिवळी पडली आहेत, ती तशीच वाफ्यात वाळणार. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून कुणी ओरडत नव्हतं. सुब्रमण्यम चौकटीवर बसला होता, हातात चाकाचा दांडा घेऊन, खाली बघत. त्यानं सूर्यनारायणच्या हाताकडे पाहिलं, स्कूटरकडे पाहिलं. मग पुन्हा खाली.

"नाहीत," सूर्यनारायण म्हणाला.

"बरं सार."

एवढंच. का, कुठं गेले, काही नाही.

भुवना, त्याच्या हाताखालची नवी इंजिनिअर, तिनं आधीच जेसीबी मागवला होता. ती तशी होती, मोबाइल एका हातात आणि दुसऱ्या हातानं दुपट्टा कमरेला खोवत. यंत्राच्या हाताला साखळी बांधली, साखळी दाराच्या कडीला. पहिलं दार किंचाळत उठलं. लोखंडाचं ते किंचाळणं त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं, कारण दार नेहमी नटावर फिरत, कुरकुरत वर जायचं, म्हाताऱ्या माणसानं जिना चढावा तसं. मधोमध ते वाकलं, पण उठलं. खाली नारळाचं खोड घातलं. दुसऱ्या दाराची कडीच तुटून आली आणि दार होतं तिथं राहिलं. अर्धं पाणी सुटलं. आता हे उघडं दार मिटता येणार नव्हतं, कार्तिकात इथला मोठा पाऊस येऊन शेतं बुडायला लागली तरी. ते सगळ्यांना दिसत होतं, पण आज आडीचा, म्हणजे तमिळ आषाढाचा, महिना होता आणि पाणी वाहत होतं.

"सार!" अखिला मोपेडवर एक पाय टेकून उभी होती, डोक्यावर टॉवेल. कालवा जिथं संपतो त्या शेवटच्या गावात तिची जमीन. नवरा गेल्यावर तीच करते. "अर्ध्या दारानं आमच्याकडे काय येणार? पाण्याचा फोटो?"

लोक हसले.

"चोर सापडला का, ते तरी सांगा."

"सापडला," सूर्यनारायण म्हणाला.

"कोण?"

"मी."

असा हशा पिकला की जेसीबीचा ड्रायव्हरही मान बाहेर काढून हसला. "पाहा, पाहा," अखिला म्हणाली, "एवढी वर्षं आमच्या डोळ्यांदेखत, आणि आम्ही भंगारवाल्यांना शिव्या देतोय!" कुणीतरी म्हणालं, मराठी राजांच्या वेळेपासूनची सवय असणार, राजवाडाच नेला असेल घरी. आणखी हशा. त्यानं तोंड उघडलं, पुन्हा सांगायला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपणही हसतो आहोत. ओठ आपले आपण गेले होते तिकडे. एकटा सुब्रमण्यम हसत नव्हता. चौकटीवरून तो उतरत होता, पाठमोरा, एकेक पाय चाचपत.

हे बरं झालं, असं त्याला वाटलं. सांगून झालं. आपण खरं बोललो, चारचौघांत, कुणी मानलं नाही त्याला आपण काय करणार. पाण्याकडे बघत तो त्या वाटण्यात थोडा वेळ उभा राहिला, उन्हातून आत आल्यावर थंड फरशीवर उभं राहावं तसा. थर्माकोलचं एक ताट दाराखाली अडकलं होतं आणि सुटत नव्हतं.

"सार, तक्रार लिहिली आहे." भुवना शेजारी आली, मोबाइल पुढे करत. "अज्ञात इसमांनी, असं घातलंय. सगळे तसंच घालतात. तुम्ही हो म्हणा, मी पाठवते. दुपारी ठाण्यातून कुणी येईल, लस्करचा जबाब घेऊन जाईल."

"घेऊन जाईल म्हणजे?"

"म्हणजे, सार..." ती थांबली. तिनं सुब्रमण्यमकडे पाहिलं. तो काठावर उकिडवा बसून हाताचं ग्रीस मातीनं काढत होता. "त्याला घेऊन जातील बहुधा. संध्याकाळी सोडतील."

"ते खोडून टाक."

"काय, सार?"

"ते अज्ञात. लिही. दोन नट माघात सेक्शन इंजिनिअर सूर्यनारायण राव यांनी स्वतःच्या घरी नेले. लस्करानं त्यांच्या सांगण्यावरून काढून दिले. ते परत आणलेले नाहीत."

तिचा अंगठा काचेवर तरंगत राहिला. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मघाचं हसू त्यात कुठं शिल्लक आहे का ते शोधत. "सार. खरंच?"

"हं."

"आहेत कुठं?"

"घंटेत."

तिला ते समजलं नाही, आणि समजावून सांगायची शक्ती त्याच्यात नव्हती. देऊळ, चिंच, कुडम, शुक्रवार, इतकं सगळं मांडायचं म्हणजे आयुष्य मांडायचं. "वितळले," तो म्हणाला. "मिळणार नाहीत."

"सार, तुमची पेन्शन..." तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "सहा महिने राहिलेत तुमचे. मी नाही लिहीत हे. तुम्ही घरी जा, उद्या बोलू."

"कारण विचारतील त्या रकान्यात लिही, चोरीला जाऊ नयेत म्हणून."

ती लिहीना. तेव्हा त्यानं तिच्या हातातून मोबाइल घेतला. चष्मा घरी राहिला होता. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती. एकेक अक्षर डोळ्यांजवळ आणून तो टाइप करू लागला, अज्ञात हा शब्द मागून मागून पुसत, आणि चुकत, आणि पुन्हा पुसत. सुब्रमण्यम उठून जवळ आला होता. "सार, कशाला," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मला सवय आहे बसायची." सूर्यनारायणनं मान वर केली नाही. वर केली असती तर बोट थांबलं असतं. अखिलानं मोपेडला किक मारली आणि ती काठाकाठानं निघाली, पाण्याच्या पुढे, खाली वाफ्यांवर थांबलेल्या बायकांना सांगायला. बराच वेळ पाणी आणि त्याच्या पुढे ती, दोन्ही जाताना दिसत होती. पाणी भेगांत शिरायला थांबायचं, ती थांबायची नाही. त्यानं पाठवण्याच्या खुणेवर बोट ठेवलं. काही आवाज झाला नाही. मोबाइल त्यानं भुवनाला परत दिला, आणि आता बसायला हवं म्हणून जागा शोधली, तर पुलाचा कठडा नव्हता, म्हणून तो जमिनीवर बसला.

आदल्या वर्षी, दोन्ही दारांवर नट जागच्या जागी असतानाही, अखिलाच्या शेवटच्या गावात पाणी पोचलं नव्हतं.